नव्या यंत्राची पूजा

सरपंच रेवतीताईंच्या मनगटावरचा पट्टा बोलला, "दत्तू खरमाटे, वरची वस्ती. हृदय बंद पडलंय. विजेचा झटका द्यायला आठच मिनिटं आहेत."

दत्तू त्यांचा नवरा. मळ्यात एकटाच होता; त्याच्या मनगटावरच्या पट्ट्यानेच हे कळवलं होतं.

झटका देणारं उडतं यंत्र पंचायतीच्या गच्चीवर होतं. दोन वर्षं तालुक्याला खेटे घालून ताईंनी सरकारी निधी मिळवला, तेव्हा कुठे ते आज सकाळी आलं होतं. त्यांनी बटण दाबलं. पंखे फिरले, पण यंत्र जागचं हलेना.

"समोरचं दिसत नाही," यंत्र म्हणालं.

"ताई, सकाळची पूजा!" ग्रामसेविका शोभा ओरडली.

यंत्राच्या काचेच्या डोळ्यावर ताईंनीच लावलेलं हळदकुंकू वाळून घट्ट बसलं होतं. पदर थुंकीने भिजवून त्या घासत राहिल्या. अखेर यंत्र उडालं.

वस्तीवर पोचायला त्याला तीन मिनिटं लागणार होती. लाल झालेला पदर मुठीत आवळून ताईंनी पट्ट्याकडे पाहिलं. दोन उरली होती.