भिंतीआडची हाक

क्रौंचांच्या त्या जातीत जगात दोनच उरले होते, आणि दोन्ही आमच्या प्राणिसंग्रहालयात, माझ्या पिंजऱ्यात. माझी बायको गेली त्याच वर्षी नर गेला. मादीनं दाणापाणी सोडलं, म्हणून मी रोज सकाळी आठला भिंतीआडून नराच्या हाकेची टेप लावायचो. तिनं ओ दिली की खट्‌ करून बटण बंद करायचो. अशी चार वर्षं काढली.

सोमवारी तीही गेली.

मंगळवारी सवयीनं मी टेप लावलीच. साहेब म्हणाले, "अहो, आता कुणासाठी?"

टेप त्यांच्याच कपाटात ठेवून आलो.

बुधवारी आठला रिकामा पिंजरा झाडत होतो. आवारात चिटपाखरू नव्हतं. भिंतीआडून हाक आली, "अहो, ऐकलंत का?"

बायकोचा आवाज. मागे बारीक खरखर. तिचा आवाज आम्ही कधीच टेप केला नव्हता.

धावत जाऊन पाहिलं. भिंतीआड नुसतं माझं स्टूल होतं.

पिंजऱ्यात परतलो, तशी पुन्हा हाक आली. तीच, तेवढीच, खरखरसुद्धा त्याच जागी.

टेपच आहे, हे मला कळत होतं. मादीलाही कळत असेल.

"आलो गं," मी म्हणालो.

भिंतीआड खट्‌ झालं.