झेंड्याचा मान

"मिर्सिनी, प्रत्येक पेपरच्या आधी तू टॉयलेटमध्ये काय वाचत बसतेस गं?"

दनाईने हे भर मैदानात, संचलनाच्या सरावात, अख्ख्या बारावीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. पैज फैद्राने लावली होती. "तोंडावर विचारून दाखव, नाहीतर तू नुसतीच बडबडी," ती म्हणाली होती. आणि या वर्षी दनाई कुठल्याच पैजेला नाही म्हणत नव्हती. मागच्या वर्षीपर्यंत भिंतीला चिकटून चालणारी ही मुलगी आता रांगेत सगळ्यात मोठ्याने हसायची, पीटीच्या सरांची नक्कल करायची आणि वर वीसपैकी साडेएकोणीस गुण आणायची.

मिर्सिनीचे गुण तिच्याहून जरासेच जास्त. म्हणून अठ्ठावीस ऑक्टोबरच्या, राष्ट्रीय दिनाच्या संचलनात शाळेचा झेंडा मिर्सिनीच्या हातात, आणि दनाई तिच्या शेजारी, मोकळ्या हातांनी. व्होलोससारख्या ग्रीक शहरात पुढे कोण डॉक्टर झालं ते लोक विसरतात. झेंडा कुणी धरला होता ते विसरत नाहीत.

मिर्सिनी पांढरीफटक पडली. "तू विचारतेस?" एवढंच म्हणाली.

"माज बघा बाईचा," फैद्रा म्हणाली. पोरी खिदळल्या. दनाई सगळ्यांत जास्त.

दुपारपर्यंत त्या प्रश्नाचं उत्तर होऊन शाळाभर फिरलं: मिर्सिनी कॉपी करते. गुरुवारी भौतिकशास्त्राच्या चाचणीआधी बाईंनी तिला टॉयलेटला जाऊ दिलं नाही. खिसे तपासले. काही निघालं नाही. दनाईने हात वर केला तेव्हा मात्र बाई म्हणाल्या, "जा गं, लवकर ये."

ती परत आली तेव्हा मिर्सिनी पेन धरून कोऱ्या कागदाकडे बघत होती. तास संपेपर्यंत तशीच. मग कागद तिथेच ठेवून ती घरी गेली. काही सापडलं नव्हतं, पण लोकांना कोरा कागद पुरला. शुक्रवारी मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन सांगितलं की मिर्सिनीने झेंडा सोडला आहे, आता मान दनाईचा. टाळ्या वाजल्या. दनाईला कुठे बघावं ते कळेना.

घरी बाबा मेलबर्नच्या काकाला फोनवर तेच तिसऱ्यांदा सांगत होते. दृष्ट लागू नये म्हणून आईने लेकीच्या डोक्यावर थू थू केलं आणि भरलेल्या टोमॅटोंचं ताट पुढे सरकवलं. दनाईचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

"झालं ते बरंच झालं," आई म्हणाली. "ती पोर तिथे काय काय लपवत होती देव जाणे."

"काही लपवत नव्हती. पेपरच्या धास्तीने ओकायची."

"कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. मला माहीत होतं."

बाबांनी फोन खाली ठेवला. "माहीत होतं, तर मग विचारलंस कशाला, शहाणे?"

हसून विषय उडवणं दनाईला छान जमायचं. या वेळी हसू आलंच नाही. ती टेबलावरच्या कापडाकडे बघत बोलली.

"सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे राहावं म्हणून. मी झेंडा धरणार नाही. शाळेच्या समुपदेशक बाईंकडे जाणार आहे, आणि मिर्सिनी माझं तोंड बघायला तयार असेल तर तिलाही घेऊन."

"तू कशाला जायचं?" आई म्हणाली. "तुला काय झालंय?"

"शेजारच्या दारामागे मीही ओकत असते, आई. प्रत्येक पेपरच्या आधी. एकदा तिनेच मधल्या फळीखालून मला टिश्यू सरकवला होता. मैदानात एवढं झालं, तरी तिने माझं नाव घेतलं नाही. सोमवारी वर्गासमोर मीच घेणार आहे."