कपाची पलीकडची बाजू

सर गेल्यावर कितीतरी वर्षांनी, परदेशी वाचकांना फिनॉमिनॉलॉजी नावाचं तत्त्वज्ञान समजावून सांगणारी त्यांची पत्रं तिकडच्या एका ग्रंथालयात सापडली, आणि त्यांचं पुस्तक करायचं काम त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याकडे आलं. मनातली मतं बाजूला ठेवा आणि समोरची गोष्ट दिसते तशी बघा, असं सर पुन्हापुन्हा सांगत होते. उदाहरण मात्र प्रत्येक पत्रात एकच, त्यांची लहानगी लेक. उन्हात तांबूस दिसणारा तिचा कान. ती रुसून पाठमोरी बसली, तरी पाठीवरूनच ओळखू येणारा तिचा फुगलेला चेहरा.

विद्यार्थ्याला हे काही पटेना. एवढ्या मोठ्या माणसाच्या ग्रंथात घरातली पोर कशाला, लोक हसतील. त्याने लेकीला काढलं आणि तिच्या जागी टेबलावरचा कप ठेवला. उन्हात तांबूस दिसणारा कपाचा कान, न दिसताही कळणारी कपाची पलीकडची बाजू. मनात पाल चुकचुकली, पण पुस्तक देखणं झालं.

पहिली प्रत द्यायला तो सरांच्या घरी गेला. लेक आता साठीला टेकली होती. त्याच्या हातात चहा देऊन, चष्मा लावून ती वाचत बसली. त्याला तिच्या कानाकडे बघवेना. तो कपातच बघत राहिला.

बऱ्याच वेळाने तिने पुस्तक मिटलं.



"मला वाटायचं, बाबांना घरातलं काही दिसतच नाही," ती म्हणाली. "म्हणजे कप दिसत होता, फक्त मीच दिसत नव्हते."