फितीच्या बाहेर

“तुमच्या मेडिकल बोर्डाने खोटं लिहिलंय,” दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली. “बसायच्या आधी ऐकून घ्या. दोन वेळा लिहिलंय, आणि दोन्ही वेळा वर शिक्का मारलाय.”

तपासणी अधिकाऱ्याला असल्या बोलण्याची सवय होती. त्याने फाईल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

“बाई, हे तुमचं शेवटचं अपील. मी डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहिणार.”

“मग फितींच्या मधून चाला.”

दारापासून आत, फरशीवर दोन पांढऱ्या सुती फिती चिकटवलेल्या होत्या. मधे जेमतेम एका माणसाची वाट. ती खुर्च्यांपर्यंत जायची आणि तिथून फुटायची, एक फाटा स्वयंपाकघराकडे, एक न्हाणीघराकडे, एक सासूच्या खाटेकडे. उरलेल्या खोलीत बोटभर धूळ होती. त्या धुळीत बुटाचे दोन ठसे होते, आणि त्यांच्यापुढे काहीतरी जड आपटल्यासारखा मोठा डाग.

नवऱ्याला फितीचं रीळ तिनेच आणून दिलं होतं. कपडे शिवून घर चालवणारी बाई, तिच्याकडे फितीला काय तोटा.

नवरा खुर्चीत ताठ बसला होता. गुळगुळीत दाढी, शर्टाला कडक इस्त्री. सैन्यात अकरा वर्षं त्याने जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढले होते आणि निर्धोक वाट अशाच पांढऱ्या फितींनी आखली होती.

“कसे आहात?” अधिकाऱ्याने विचारलं.

“उत्तम, साहेब.”

“झोप?”

“उत्तम, साहेब.”

ती कपाळावर हात मारायची तेवढी राहिली. वरिष्ठाने विचारलं की उत्तम म्हणायचं, हे याच्या हाडात मुरलेलं. अंगाला आग लागली तरी हा उत्तमच सांगेल. अधिकाऱ्याने लिहिलं: शांत, नीटनेटका, प्रश्नांना उत्तरे देतो.

“आणि नोकरी सोडताना यांनी स्वतःच लिहून दिलंय, काही तक्रार नाही. ही बघा सही.”

“सगळेच देतात,” ती म्हणाली. “तक्रार आहे म्हणणाऱ्याला दीड महिना दवाखान्यात ठेवून घेतात. घरी सोडायला बाहेर गाडी उभी होती. साठ जण होते रांगेत, साठच्या साठ जणांनी सही केली. बोर्डाला हे ठाऊक नाही होय?”

“बोर्ड कागद बघतं, बाई. आजार आहे, नाही कोण म्हणतंय? पण तो नोकरीमुळे झालेला नाही. घरातल्या ताणाने होतो असा कधी कधी. तसं ठरलं की पेन्शन नाही आणि लष्करी दवाखान्यात खाटही नाही.”

खाटेवरून सासू खोकली. “घरातला ताण म्हणजे मी, सूनबाई. लिहून घे म्हणावं.”

अधिकारी कसनुसा हसला. समोरच्या फळीवर औषधांच्या बाटल्या होत्या. नावं उतरवून घ्यावीत म्हणून तो उठला, आणि जवळची वाट म्हणून सरळ फितीवरून पलीकडे गेला. एक पाऊल. दुसरं.

“थांबा.”

आवाज मोठा नव्हता. पण अधिकारी थांबला. का थांबलो हे त्यालाही कळलं नाही.

“आहे तसेच उभे राहा, साहेब. टाच उचलायची नाही.” नवरा उठला होता. चेहऱ्यावरचं ते ‘उत्तम’ कुणीतरी पुसून टाकल्यासारखं गेलं होतं. बायकोकडे न बघता तो म्हणाला, “आईला घेऊन बाहेर जा.”

तिने सासूला उठवून बसवलं. सासूने उशाची पाण्याची बाटली घेतली, चष्मा घेतला. “चल बाई. आता तासभर तरी गेला.” फितींच्या मधून, सुनेचा खांदा धरून, म्हातारी दारापाशी आली आणि मागे वळली. “साहेब, हलू नका हं. माझा भाऊ हलला होता. याने अंगावर झेप घेऊन त्याला वाचवलं. बिचाऱ्याचा खुबा मोडला.”

नवरा आता पोटावर होता. हातात बायकोची विणकामाची लांब सुई. फितीपासून त्याने सुरुवात केली. फरशीच्या सांध्यात सुई तिरकी घालायची, दाबायची, थांबायचं. मग बोटभर पुढे. टक. टक. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला.

“अहो, हे काय चाललंय? खाली नुसती फरशी आहे,” अधिकारी म्हणाला आणि त्याने पाय उचलायला घेतला. घोट्यावर हात पडला. लोखंडी चिमट्यासारखा.

“माझ्या मागून येणाऱ्या जवानानेही हेच म्हटलं होतं, साहेब,” नवरा खालून शांतपणे म्हणाला. “नुसती माती आहे, म्हणाला.”

फाईल अधिकाऱ्याच्या हातून निसटली आणि धुळीत पडली. त्याने खाली बघितलं. खाली फरशीच होती. तरी पाय हलू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी मांडी घट्ट धरली.

सुई बुटाच्या जवळ आली.

ती दारातून बघत होती. किती दिवस तिला वाटत होतं, बोर्डातला एक तरी माणूस या धुळीत असा उभा राहावा. आता उभा होता, तर तिचे स्वतःचेच हात गार पडले होते.

“साहेब,” ती म्हणाली, “हा आजार घरातला म्हणता ना? मग हे जमीन टोचत पुढे सरकणं यांना या घरात कुणी शिकवलं? मी, की या म्हातारीने?”

अधिकाऱ्याचे ओठ हलले.

“पाय हलवू नका,” ती म्हणाली. “उत्तर द्या.”