करकर

व्हिएन्नातल्या थिएटरच्या मागच्या जिन्यावर आबांच्या लेकीनं बॅलेचे नवेकोरे बूट काढले आणि दगडी पायरीवर दाणदाण आपटायला सुरुवात केली. आबांनी तिचा हात धरला.

"अगं, कोरा जोड हाय त्यो! कुणीतरी जीव ओतून केलाय."

"वाजतात, आबा. आवाज गेल्याशिवाय स्टेजवर घालता येत नाहीत."

कोल्हापुरात चाळीस वर्षं आबांनी चपलांत करकर भरली होती. गिऱ्हाईक चार घरं आधी ऐकू आलं पाहिजे, ही त्यांची ऐट. आजही त्यांच्या पायात दुकानातला सगळ्यात वाजणारा जोड होता.

पडदा उघडला. अंगठ्यांच्या टोकांवर ती भिंगरीसारखी फिरली. मग वाद्यं थांबली आणि ती उंच झेपावली. आबांनी कान टवकारले. ती उतरली. काहीच वाजलं नाही. पुन्हा झेपावली, पुन्हा उतरली. हजार माणसं श्वास रोखून बसलेली, आणि तिचं पाऊल टेकलेलं जमिनीलासुद्धा कळत नव्हतं.

खेळ संपल्यावर आबा अनवाणीच जिना चढून तिच्या खोलीत आले.

"आबा, चपला हातात का?"

आबा तिच्या पावलांकडे बघत राहिले.

"लई वाजत्यात गं," ते हळूच म्हणाले.