शेवटची वीस पानं

जन्मभर लोकांची पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरला साठी उलटल्यावर वाचनाचं खूळ लागलं. शिवायला आलेली कादंबरी उसवायची आणि सुटी पानं वाचत बसायचं. जेवायला हाका मारून बायकोचा घसा बसला. शेवटी तिनं कादंबरीची शेवटची वीस पानं उचलली आणि स्वयंपाकघरात नेली.

"जेवल्याशिवाय मिळायची नाहीत."

बाइंडर निमूटपणे हात धुऊन ताटावर बसला. बराच वेळ झाला तरी वाढायला कोणी येईना.

"अगं, वाढतेस ना?"

ओट्याला टेकलेल्या बायकोनं शेवटच्या पानावरून मानही वर केली नाही.

"आधीची पानं आणा इकडे. ही बाई घर सोडून का गेली होती, ते कळल्याशिवाय आज कोणालाच जेवण मिळायचं नाही."