कोरडा उंबरा

"हिने माझ्या बोक्याक विष घातल्यान, डॉक्टर," टोपली टेबलावर ठेवायच्या आधीच लवूने सांगून टाकलं.

"मी घातलं असतं तर एव्हाना मेला असता," मागून शेवंती कडाडली. "माझा हात इतका हलका नाय."

हरताळामुळे गिरण्या बंद, ट्राम बंद. लालबागहून परळच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत हे दोघे शेजारी चालत आले होते, सगळी वाट भांडत. नाक्यानाक्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या आणि यांचं आपलं वेगळंच. शेवंतीला कुणी बोलावलं नव्हतं. पण चाळभर विषाचा बोभाटा झाल्यावर डॉक्टरच्या तोंडून खरं काय ते ऐकल्याशिवाय ती कसली गप्प बसते!

डॉक्टरांनी बोक्याला बाहेर काढलं. तो ओरडलासुद्धा नाही, तेव्हा मात्र लवू घाबरला. बायको गावी; खोलीत त्याची वाट बघणारा हा एवढाच जीव.

"काय होतंय याला?" डॉक्टरांनी विचारलं.

"परसाकडे होत नाही. सारखा बसतो नि कुंथतो. एरंडेल पाजलं, दोनदा."

डॉक्टरांची बोटं बोक्याच्या पोटावर फिरली आणि एका जागी थांबली. "इथे हात लावा. लिंबासारखं घट्ट लागतंय? मूत्राशय आहे ते. मागची नाही, पुढची वाट तुंबलीय. एरंडेलाने काय होणार? शेवटची लघवी कधी केली याने?"

बोका कुठे जातो हे लवूने कधी बघितलंच नव्हतं.

"परवा पहाटे," शेवंती म्हणाली. "माझ्या उंबऱ्यावर. रोज मीच शिव्या घालत पाणी ओतून धुते. काल उंबरा कोरडा. आज नुसता कुंथत बसला नि रक्ताचा एक थेंब पडला."

"मगे सांगलंस कित्याक नाय?" लवू तिच्या अंगावर धावला.

"सांगूकच इल्लंय तुझ्या दारात! तोंड उघडूच्या आधी विष विष म्हणान कोण बोंबाललो?"

"भांडायचं असेल तर बाहेर," डॉक्टर म्हणाले. "आज रात्र काढली असती तर हा गेला असता."

दोघेही जागचे हलले नाहीत. डॉक्टरांनी बोक्याला गुंगीचं औषध दिलं आणि बारीक नळी हळूहळू आत सरकवली. नळी अडली. पुन्हा सरकवली. मग बारीक वाळूसारखी कच आली आणि तिच्यामागून लालसर लघवी ट्रेमध्ये पडू लागली. लवूने डोळे पुसले. शेवंतीने नाकाला पदर लावला, पण नजर काढली नाही.

"विष नव्हतं?" तिने विचारलं, डॉक्टरांना नव्हे, लवूला ऐकवायला.

"कसलं विष! ही कच. सुकी मासळी बंद करा, पाणी भरपूर पाजा. आणि हे पुन्हा होऊ शकतं. रोज लघवी होते का यावर नजर ठेवा. कोण ठेवणार?"

पहाटे लवू गिरणीत असायचा. माफी मागणाऱ्यातला तर तो नव्हताच, आणि शेवंतीला ती नकोही होती. तिने पदर खोचला.

"माझ्यो गाळी रोज अख्खी चाळ ऐकता," ती त्याला म्हणाली. "बायलेक सांग, गावसून परत ये. ज्या सकाळी माझ्यो गाळी ऐकूक येवच्यो नाय, त्या सकाळी तिने बोको उचलूचो आणि हय धावत येवचा."